मशीनीपुढचं ताट

आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला एका सकाळी गुलाबी फीत बांधलेली दिसली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. फीत कोरी, चकचकीत. तिच्यावर काळ्या शाईने एक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर. पुढच्या बाभळीला तशीच दुसरी. तिथून ओळीने सरळ वर, काळविटांच्या रानापर्यंत. मी एक फीत सोडून घरी आणली आणि नवऱ्यापुढे ठेवली. तो म्हणाला, "जिथली तिथं बांधून ये, सरकारी असन." सरकारी असेल म्हणूनच तर मी आणली होती.

घरात सगळे मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. दूधवाल्याचं माप असो की लग्नात नको तितका गोड बोलणारा पाहुणा, मी चटकन विश्वास टाकत नाही, आणि बहुतेक वेळा माझंच खरं निघतं. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं की नवरा पेपर तोंडासमोर धरतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून पेपर धरणं हा त्याचा मुख्य व्यवसाय आहे.

आमचं गाव कारंज्याकडचं. गावाच्या वरच्या अंगाला गवताचं मोकळं रान आहे, काळविटांसाठी राखलेलं. त्या रानाशी आमचं नातं माहेरासारखं गोडबिड अजिबात नाही. काळवीट रात्रीतून येऊन हरभऱ्याचे शेंडे खाऊन जातात आणि सकाळी आम्ही धुऱ्यावर उभं राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. वर आमची एखादी शेळी कुंपणाआड गेली की दंडाची पावती. गवताचा भारा कापला तरी पावती. तरी रान आहे म्हणून पावसाचं पाणी तिथे थांबतं, मुरतं आणि उतारावरच्या विहिरींना येतं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

त्या उतारावरची सगळ्यात वरची विहीर माझ्या मोठ्या जाऊबाईंची. थोरले दीर गेल्यानंतर त्यांनी वाट्याचं शेत कोणाला बटाईने कसायला दिलं नाही. लेक मालेगावला दिलेली. बाई एकट्या राहतात आणि संत्र्याची बाग एकट्याने सांभाळतात. गावातल्या विहिरी होळीपर्यंत तळ दाखवतात, त्यांच्या विहिरीचा झरा मात्र कडक उन्हाळ्यातही चालू असतो. त्या झऱ्यावर बाग, बागेवर बाई. तो आटला तर त्यांना शेत विकून लेकीच्या दारात जाऊन राहावं लागलं असतं, आणि लेकीच्या दारात राहण्यापेक्षा त्या विहिरीत उतरून हाताने खडक फोडत बसल्या असत्या.

फितींनंतर जीप आली. जीपमधून एक टोपीवाला साहेब उतरला. बोलणं हिंदी, फार आदबशीर, प्रत्येक वाक्याला 'माताजी' नाहीतर 'चाचाजी'. मला त्या आदबीचाच पहिला संशय आला. त्याने पारावर बसून सांगितलं की आपल्या काळ्या खडकाखाली, फार खोल, जुन्या गाळाचे थर आहेत. तिथे तेल असू शकतं, गॅस असू शकतो. आधी जागोजागी भोकं पाडून लहान सुरुंग उडवायचे आणि हादरा मोजायचा. काही सापडण्यासारखं दिसलं तर मग रानात मोठी बोअर. चाचणीचं एक भोक रानाबाहेर, सरकारी पडीक जमिनीत, पाडायची परवानगी आधीच मिळाली आहे. राखीव रानातल्या कामासाठी लोकांचं म्हणणं ऐकलं जाईल, मग ठरेल.

"रानात गाडी जाईन?" जाऊबाईंनी विचारलं.

"परमिशन मिलेगी तो जाएगी, माताजी."

"आमची शेळी गेली तं पावती फाडता, अन् तुमच्या गाडीले परमिशन."

लोक हसले. साहेबही हसला आणि त्याने बाईंकडे नीट पाहून घेतलं. ते पाहणं माझ्या ध्यानात आहे.

सरकारी पडीक म्हणजे कुठली, तर बाईंच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावरची. आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही की शेजाऱ्याने बोअर मारली की आपली विहीर बसते. प्रत्येकाच्या घरात अशी एक तरी विहीर आहे. ग्रामसभेत सगळ्यात आधी हात वर केला तो बाईंनी. त्या म्हणाल्या, "खडकात सुरुंग उडाला का झरा वाट बदलते. मंग तो कोनाच्या बापाले सापडत नाही." त्या दिवसापासून गावात दोन पक्ष पडले. पोरांना कंपनीत लावतील, रस्ता होईल, असं म्हणणारे एकीकडे. बाई आणि उतारावरच्या विहिरीवाले दुसरीकडे. मी बाईंच्या बाजूने होते, कारण मला दुसऱ्या बाजूच्या कोणाचाच भरवसा नव्हता.

त्याच दिवसांत नवऱ्याने पेपरात अलास्काची बातमी वाचली. संध्याकाळी बाई नेहमीप्रमाणे चहाला आल्या तेव्हा त्याने ती वर्गात धडा शिकवावा तशी समजावून सांगितली. तिकडे उत्तर टोकाला बर्फाचं राखीव रान आहे. जमिनीखाली तेल आहे म्हणतात. हरणांचे मोठाले कळप तिथे विण्यासाठी येतात. काढायचं की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण चाललंय. एक सरकार हो म्हणतं, दुसरं येऊन नाही म्हणतं.

"अन् तिथले लोक?" बाईंनी विचारलं.

"त्यायच्यातबी दोन पक्ष. रानातलं गाव म्हनते तेल काढा, आमाले शाळा-दवाखाना पाह्यजे. दूरचे हरनावर जगनारे लोक म्हनतात काढू नका."

"हरनावर जगनारे म्हंजे?"

"खातात ते हरनाले."

बाईंनी बशीतला चहा संपवला. "मंग बरं हाय त्यायचं. आमच्या इथं हरनच आमच्यावर जगते." मग म्हणाल्या, "हरन राहो नाहीतं जावो, भाऊजी. माहा झरा राह्यला पाह्यजे."

मशीन आली त्या दिवशी मी गावात नव्हते. दाढ ठणकत होती म्हणून कारंज्याला गेले होते. अर्धं तोंड बधिर घेऊन एसटीत बसले आणि मोबाइल उघडला, तर गावाच्या ग्रुपवर फोटो. पिवळी धमक बोअरची गाडी, तिच्या नाकाडावर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, खाली फुटलेला नारळ. आणि गाडीसमोर हातात आरतीचं ताट घेऊन, डोक्यावरचा पदर सारखा करून ओवाळणारी बाई म्हणजे आमच्या जाऊबाई.

आमच्याकडे यंत्राला ओवाळल्याशिवाय यंत्र चालत नाही. ट्रॅक्टर असो, मळणीयंत्र असो, पोराची मोटारसायकल असो. बोअरची गाडी शत्रूच्या शेतात आली तरी माणसं जमतात, कोणीतरी घरातून हळदकुंकू आणतं, कोणीतरी नारळ फोडतं. त्यामुळे पूजा झाली यात नवल नव्हतं. नवल होतं ते बाईंनी केली याचं. दीर गेल्यापासून त्या कुठल्याही पूजेत पुढे आल्या नव्हत्या. मागे, भिंतीशी किंवा झाडाशी उभ्या असत. आणि इथे पुढे, अगदी मधोमध, तेही ज्या मशीनीविरुद्ध ग्रामसभा दणाणून सोडली तिच्यासमोर. एवढी उलटी चाल माणूस उगाच करत नाही. एसटी गावाच्या फाट्याला लागेपर्यंत माझा निष्कर्ष पक्का झाला होता की बाईंना काहीतरी मिळालेलं आहे.

गावाचाही तोच निष्कर्ष झाला होता. फक्त काय मिळालं यावर एकमत नव्हतं. कोणी म्हणे जावयाला कंपनीत चिकटवणार, कोणी म्हणे बागेला कुंपण घालून देणार. पारावर एकाने शपथेवर सांगितलं की साहेब बाईंच्या घरी जेवून गेला. उतारावरचे विहिरीवाले तर पेटलेच. "आमाले पुढं केलं अन् सोता आरती कराले गेली," असं एक जण माझ्या तोंडावर बोलला, जणू ताट मीच धरलं होतं.

मी सरळ विचारायला हवं होतं, असं आता कोणीही म्हणेल. पण सरळ विचारणं हा माझा पिंड नाही. सरळ विचारलं की माणूस तयार उत्तर देतो. मी पाळत ठेवली. ताक द्यायच्या निमित्ताने गेले आणि अंगणात जीपच्या चाकांचे माग दिसतात का ते पाहिलं. दिसले. ड्रायव्हर रांजणातलं पाणी भरून नेतात, असं बाईंनी न विचारताच सांगितलं, आणि न विचारता सांगितलं म्हणून मी ते जास्तच मनात धरलं. मग फडताळावर नजर फिरवली, दोरीवरची लुगडी पाहिली. नवीन काहीच नव्हतं. याचा अर्थ मी असा काढला की मिळणार असलेली गोष्ट अजून मिळालेली नाही.

"काय पाहून राह्यली वं?" बाई म्हणाल्या.

"काही नाही. उंदीर दिसला वाटते."

"माह्या घरात उंदीर नाही," त्या म्हणाल्या आणि ताकाचं भांडं धुऊन परत दिलं. त्यानंतर त्या चहाला आल्या नाहीत. संत्र्याचा ताण तोडायचे दिवस होते. झाडं पाण्यावाचून काही काळ मुद्दाम सुकवायची आणि नेमक्या वेळी भरपूर पाणी द्यायचं, म्हणजे बहर फुटतो. बाई बागेत असतील, असं नवरा म्हणे. मला वाटे, चोराच्या मनात चांदणं. हे मी त्याला बोलूनही दाखवलं. त्याने पेपरची घडी घातली आणि म्हणाला, "वहिनी चोर हायत का?" मी मत बदललं नाही.

चाचणीचा सुरुंग उडाला तेव्हा घरातली भांडी थरथरली. मी बाईंच्या विहिरीकडे धावले, ते काळजीने की काय घडतंय ते बघायला, हे मलाच सांगता येणार नाही. बाई आधीच काठावर वाकून उभ्या होत्या. पाणी गढूळ झालं होतं. दुसऱ्या दिवशी निवळलं. पातळी उतरली नव्हती, पण झऱ्याचा आवाज त्यांना वेगळा वाटत होता. मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. एका सुरुंगाने एवढं, मग रानात मोठी बोअर झाली तर काय, एवढंच त्या म्हणाल्या.

मग सुनावणीचा दिवस आला. शाळेच्या मैदानात मांडव, खुर्च्या, थंड पाण्याचे जार, टेबलामागे जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी बाई, त्यांच्याशेजारी टंकलेखनाला एक जण. आणि मांडवाच्या तोंडाशी कंपनीचं फ्लेक्स. त्यावर तोच फोटो, माणसाहून मोठा. बाईंचं कपाळ, पदर, ताटातली ज्योत, मागे पिवळी गाडी. खाली ठळक अक्षरांत 'ग्रामस्थांकडून उत्स्फूर्त स्वागत'. बाई मांडवात शिरताना त्या फ्लेक्ससमोर थबकल्या. त्यांनी स्वतःचा चेहरा खालून वर पाहिला, आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मीही पुढे, नवऱ्याशेजारी बसले.

भाषणं झाली. एका पोराने नोकरीबद्दल विचारलं. बौद्धवस्तीतल्या, पोस्टात नोकरी केलेल्या एका काकांनी विचारलं की गवताचा भारा कापणाऱ्या बाईला दंड करणारा कायदा मशीनीला कसा वाकतो. टाळ्या पडल्या. मग टोपीवाला साहेब उठला. आदबीने म्हणाला की विरोध काही मोजक्यांचा आहे, आणि जे आधी विरोध करत होते त्यांनीही नंतर समजून घेऊन, अपने हाथों से पूजा करके, काम को आशीर्वाद दिया है. त्याने फ्लेक्सकडे हात केला. सगळ्या माना मागे वळल्या.

"काय घेतलं ते सांगा तं खरं," उतारावरच्या विहिरीवाल्यांतून आवाज आला.

बाई उठल्या. मला वाटलं निघून जातील. त्या मधल्या वाटेने पुढे आल्या आणि माइकजवळ उभ्या राहिल्या. माइक उंच होता, तो कोणी खाली केला नाही, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं माइकशिवायच झालं. पण मांडवात इतकी शांतता होती की शेवटपर्यंत ऐकू गेलं.

"पूजा म्या केली," त्या म्हणाल्या. "काही घेतलं नाही. मशीन आली तवा मी माह्या बागेतून पाहाले गेलती, सारेच गेलते. ताट तयार होतं. या साहेबानं ते माह्या हातात देल्लं. म्हने, माताजी, आप कीजिए."

अधिकारी बाईंनी मान हलवली. एवढंच कारण, असं त्यांना वाटलं असावं.

"आमचे हे गेल्यापासून माह्या हातात कोनी ताट देल्लं नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माही विहीर खोल केली, पैसा माहा, मेहनत माही. नारळ दिरानं फोडला. हळदकुंकू जावेनं वाह्यलं. मी उंबराच्या झाडाखाली उभी होती. माह्याच विहिरीवर. कोनी वाईट बोललं नाही, बरं का. फकस्त ताट हिकडं आलं नाही. तं त्या दिशी आलं. म्या घेतलं. मशीनीचं होतं का आनखी कायचं, ते म्या पाह्यलं नाही."

माझ्याकडे कोणी पाहत होतं की नाही, मला माहीत नाही. मी जमिनीवरच्या सतरंजीकडे पाहत होते. ते हळदकुंकू वाहताना माझ्या अंगावर कोणती साडी होती तेसुद्धा मला आठवलं.

"लिहून घ्या," बाई टेबलाकडे वळून म्हणाल्या. "ओवाळलं म्हंजे होकार देल्ला असं नाही. आमी सापालेबी ओवाळतो. रानात बोर नको. माह्या विहिरीपाशी सुरुंग नको. अन् तो फोटो माहा हाय, मले इचारल्याबिगर लावला, तो काढा."

अधिकारी बाईंनी टंकलेखन करणाऱ्याला हळू काहीतरी सांगितलं आणि त्याने ते लिहिलं. फ्लेक्स दुपारच्या चहाच्या वेळी उतरवलं. परवानगीचं काय होणार ते कोणालाच कळलं नाही. कागद वर गेले आहेत आणि वरचं वर ठरेल. माझा स्वतःचा त्यावर काडीचाही भरवसा नाही.

घरी जाताना मी पाय उचलून बाईंना गाठलं. नवरा मुद्दाम मागे राहिला. पांदणीच्या वाटेने आम्ही दोघीच चाललो होतो. मला लाज वाटत होती, फार वाटत होती, आणि लाज वाटली की माझी जीभ नको तिकडे वळते. मी म्हटलं, "बाई, तो साहेब लय पक्का हाय. त्यानं तुमाले त्या पारावरच हेरून ठेवलं होतं. तुमी इरोध करता, तुमची विहीर जवळ, म्हून नेमकं तुमच्याच हातात देल्लं. फोटोवाला काय उगाच उभा होता?"

"मले काय समजत नाही?" बाई म्हणाल्या. "ताट हातात येताच समजलं. मोबाइल दिसून राह्यला होता मले."

"मंग काहून घेतलं?"

त्या चालत राहिल्या. त्यांच्या बागेचं फाटक आलं, त्यांनी कडी काढली, आणि आत पाय ठेवल्यावर माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "त्यानं लबाडीनं देल्लं, पन देल्लं. तुमी सारे इमानदार लोक."

मग त्यांनी फाटक ओढून घेतलं आणि बागेला पाणी सोडायला गेल्या.